शालेय मैदाने फुटबॉलला मोकळी करा

महोदय,
कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हंगाम रंगला, की पाटाकडील भारी की दिलबहार, या तेथील दोन फुटबॉल संघांवरून सांगली-मिरजेतील चहाच्या टपऱ्यांवरही वाद झडतात आणि त्यांचा शेवट हमखास शाळेच्या आठवणींत होतो : पावसात भिजून जड झालेला चामडी चेंडू, गोलखांब म्हणून रचलेली दप्तरे, अनवाणी पायाने मारलेली फ्री किक. सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेची जिल्हा फेरी हाच आमचा विश्वचषक! 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात मात्र कोल्हापूरचा अनिकेत जाधव खरोखरच भारताकडून खेळला. शेजारी जमते ते येथे का अडावे? शाळांची मैदाने लग्नसमारंभांना भाड्याने देण्याऐवजी, निदान शालेय स्पर्धांच्या काळात तरी, संध्याकाळी मुलांसाठी राखून ठेवावीत, असा आग्रह जिल्हा क्रीडा कार्यालयाने संस्थाचालकांकडे धरावा.

– एक फुटबॉलप्रेमी, सांगली