दारात उभी राहिलेली मुलगी

ता. राळेगाव, जि. यवतमाळ

चि. ऋतुजा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

शाळेने यंदा तुला विद्यार्थी-मार्गदर्शक, म्हणजे सोबतच्या मुलींचे ऐकून घेणारी, नेमल्याचे तू फोनवर सांगितलेस, तेव्हा मी वावरात होते. ओटी कापसाने भरलेली, एका हातात फोन, त्यामुळे "छान झाले बेटा" एवढेच बोलता आले. मात्र नंतर दिवसभर पऱ्हाटीतून हात फिरत असताना मनात तुझेच काम घोळत होते, म्हणून रात्री सगळी निजल्यावर हे लिहायला बसले आहे.

आशा सेविका म्हणून आरोग्याच्या कामासाठी मी इतकी वर्षे गावात फिरते आहे. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यात गावातलीच मुले-मुली निवडून त्यांना आपल्या वयाच्या सोबत्यांशी बोलायला शिकवायचे ठरले होते. आईला जे सांगता येत नाही ते मैत्रिणीला सांगता येते, हे त्यामागचे साधे कारण. पाळी आली तेव्हा तूही आधी मला नाही, शेजारच्या ताईला सांगितले होतेस. तेव्हा मला वाईट वाटले होते. आता वाटत नाही, कारण तू कोणाला तरी सांगितलेस हेच महत्त्वाचे होते.

आजवर तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका सांजेला गावातली पंधरा वर्षांची एक मुलगी लोहाची निळी गोळी मागायला आपल्या दारी आली. मी रजिस्टर भरत होते. मान वर न करता म्हटले, "गोळी आठवड्याला एकच, तुला सोमवारी मिळाली आहे ना?" ती "हो" म्हणाली, पण गेली नाही. चौकटीचा निघालेला रंग नखाने खरडत उभी राहिली. मी पुन्हा विचारले, "अजून काही?" आणि विचारतानाही माझा पेन चालूच होता. ती "काही नाही काकू" म्हणून परत गेली. तीन आठवड्यांनी कळले की मामाच्या गावी नेऊन तिचे लग्न लावून दिले होते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने ते लग्न रोखता आले असते, ग्रामसेवकांना कळवता आले असते, १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करता आला असता. हे सारे मला पाठ होते. पण चौकटीवरची ती नखे मी पाहिली, आणि त्यांचा अर्थ मला लागला नाही. ते ओझे अजून माझ्यावर आहे.

म्हणून तुझ्याकडे कोणी वही मागायला आली आणि वही मिळाल्यावरही उभी राहिली, तर हातातले काम बाजूला ठेव आणि तिला बसायला सांग. लगेच काही विचारू नकोस. "मी तुझ्या जागी असते तर" असे तर अजिबात म्हणू नकोस, कारण तिच्या जागी तू नाहीस, आणि ते वाक्य ऐकताच ती बोलणे आवरते घेईल.

आपल्या जिल्ह्यात कर्जापायी बाप गेलेली घरे गावोगावी आहेत, आणि त्या घरांतली मुले तुझ्या वसतिगृहातही असतील. मदतीसाठी ते प्रकरण सरकारदरबारी 'पात्र' ठरले की 'अपात्र', हे लोक मुलांच्या समोर विचारतात. बापाच्या मरणाला अपात्र म्हटलेले ज्या मुलीने ऐकले आहे, तिला दया नको असते. तिच्याशी गणिताविषयी बोल, जेवणाविषयी बोल. बापाविषयी बोलायचे तेव्हा ती बोलेल.

खचलेल्या शेतकऱ्यांना धीर देण्यासाठी सरकारने काढलेल्या प्रेरणा प्रकल्पाच्या कामात आम्ही घरोघरी जाऊन मन खचलेली माणसे ओळखायला शिकलो. मरणाचे विचार येतात का, असे कोणाला सरळ विचारायला सुरुवातीला माझी जीभ वळत नसे. विचारल्याने नसलेला विचार मनात शिरेल, अशी भीती वाटे. तसे होत नाही. सरळ आणि मायेने विचारले, तर बहुतेकदा माणसाला बोलायला वाट मिळते. पण उत्तर "हो" असेल, तर तेथे तुझे एकटीचे काम संपते. त्या मुलीला एकटी न सोडता त्याच घटकेला अधीक्षिकेला किंवा बाईंना बोलाव. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेली-मानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

याच कारणाने "कोणाला सांगणार नाही" असे वचन कधीच देऊ नकोस. कोणावर मन जडले, कोणाशी भांडण झाले, पेपर कोरा सोडला, हे तुझ्या पोटातच राहिले पाहिजे. वसतिगृहात एका खोलीतली गोष्ट दुसऱ्या खोलीत पोचायला वेळ लागत नाही, आणि एकदा पोचली की तुझ्याकडे पुन्हा कोणी येणार नाही. पण जिवाला धोका असेल, लग्न ठरवले असेल, किंवा कोणी अंगाला हात लावला असेल, तर मोठ्यांना सांगावेच लागते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने असे प्रकरण पोलिसांना कळवणे मोठ्यांवर बंधनकारक आहे, आणि ते दडपणारे मोठे माणूस शिक्षेला पात्र होते. एका मोठ्या माणसाने ऐकले नाही, तर दुसऱ्याकडे जा. तेथेही कोणी ऐकले नाही, तर मला फोन कर, मी पहिल्या एसटीने येईन. हे सगळे त्या मुलीला आधीच सांगून ठेवलेस, तर पुढे तिला फसवल्यासारखे वाटणार नाही.

शाळेने दिलेला बिल्ला तू रोज लावावास असे मला वाटत नाही. बिल्ला पाहून धीट मुली येतील. ज्यांना खरी गरज आहे त्या बिल्ल्याला बिचकतील. जेवणाच्या पंगतीत रोज वेगळ्या मुलीशेजारी बसत जा, त्याने अधिक काम होईल.

आणि ऐकून ऐकून तुझे मन जड होईल, झोप लागणार नाही, तेव्हा कोणाचेही नाव न घेता मला सांग. रविवारी रात्री आठनंतर फोन कर. तोवर माझे रजिस्टर मिटलेले असेल.

तुझी,
आई