ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणता, मग नवीन पोराला शेजारी बसवून घेणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रक ड्रायव्हरचा तुटवडा आहे अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी पेपरात येते, गडकरी साहेबांनी तर २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत असं जाहीर सांगितलंय, आणि इकडे आमच्या कराड-पाटण भागात बारावी झालेली पोरं लायसन काढून, ट्रान्सपोर्ट गाडीचा बॅज काढून घरात बसलीयेत. मालकाकडे गेलं की पहिला प्रश्न, अनुभव किती? अनुभव नाही म्हटलं की विषय संपला. मी आधी क्लिनर होतो, मग ड्रायव्हर झालो, आता घरची एक दहा टायर गाडी आहे, त्यामुळे गावातली पोरं माझ्याकडे विचारायला येतात आणि त्यांना काय सांगायचं हेच कळत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

कागदोपत्री रस्ता सरळ आहे. १८ पूर्ण झाल्यावर हलक्या गाडीचं लायसन, ते किमान एक वर्ष जुनं पाहिजे, मग वयाची २० पूर्ण झाली की ट्रान्सपोर्टचं. डॉक्टरकडून फॉर्म १-ए, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट, टेस्ट, झालं. आधी आठवी पासची अट होती ती २०१९ मध्ये केंद्राने काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण निकाल दिलाय की मालासकट एकूण साडेसात टनापर्यंतची मालाची गाडी हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते, म्हणजे छोटा हत्ती, पिकअप यावर हात बसवायला वेगळं लायसन लागत नाही. मी प्रत्येक पोराला तेच सांगतो की बाबा आधी वर्ष-दोन वर्षं पिकअपवर भाजीपाला मार, मार्केट यार्डात रिव्हर्स घ्यायला शीक, डायरेक्ट बारा टायरवर उडी मारू नको.

पण खरी अडचण पुढे आहे. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रिकामी असते, ग्राउंड सपाट असतं. दहा टायर गाडी पासिंगप्रमाणे मालासकट साडेअठ्ठावीस टन भरते, ती घाटात उतरवणं हे वेगळंच काम आहे आणि ते कुठल्याच ग्राउंडवर शिकवत नाहीत. मला माझ्या उस्तादाने कुंभार्ली घाटात शिकवलं, साखरेची गाडी चिपळूणला खाली करायला जायची तेव्हा. घाटमाथ्यावर गाडी उभी करायची, खाली उतरून प्रत्येक टायरवर टॉमी (लोखंडी पहार) मारून आवाज ऐकायचा, ब्रेकच्या हवेचा काटा बघायचा, काटा पूर्ण वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मग जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक लावून गाडी इंजिनावर धरायची, पायाचा ब्रेक सारखा दाबून ठेवायचा नाही, ब्रेकचे लायनर तापल्याचा वास आला की जागा बघून बाजूला घ्यायची आणि थंड होईपर्यंत थांबायचं, मागचा कितीही हॉर्न मारू दे. हे सगळं मी डाव्या सीटवर बसून बघितलं, घाटाखालच्या पोफळीपर्यंत उस्ताद बोलत असायचा, आणि पुष्कळ दिवसांनी त्याने स्टिअरिंग दिलं, ते पण आधी चढाला, उताराला नंतर.

आता बघा, पुण्याजवळ कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अपघातात तिथे चाळीसच्या वर गाड्यांचं नुकसान झालं, त्याआधी झाले, नंतर पण झाले, माणसं गेली. लोक म्हणतात ड्रायव्हर दारू प्यायला असेल. काही असतीलही, पण बऱ्याच वेळा कारण असतं न्यूट्रल. मालक डिझेल मोजून देतो, वाचलं ते ड्रायव्हरचं, ही पद्धत आमच्या लाईनमध्ये जुनी आहे, मग नवीन पोरगं बघतं की उताराला न्यूट्रल मारली की डिझेल वाचतंय. त्याला कोणी सांगितलेलं नसतं की गिअर काढला की इंजिनाची पकड सुटली, एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग शून्य, सगळा लोड लायनरवर, आणि काही जण तर इंजिनच बंद करतात म्हणजे ब्रेकची हवा भरायची थांबली आणि स्टिअरिंग पण जड झालं. दोन-चार लिटर डिझेलसाठी हे चालतं. सांगणारा माणूस शेजारी नाही म्हणून चालतं.

कारण क्लिनर ठेवणंच बंद होत चाललंय. एक पगार आणि एक भत्ता वाचतो, फास्टॅग आल्यापासून टोलवर उतरायचं काम नाही, मग मालक म्हणतो कशाला पाहिजे. जुनी पद्धत चांगली होती असं मी अजिबात म्हणणार नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं गाडीवर असायची, मार खायची, पगार नावाला, ताडपत्री बांधताना पडून हातपाय मोडले तर घरी पाठवून द्यायचे. ती पद्धत गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर शिकायची जागा पण गेली आणि त्या बदल्यात दुसरं काहीच आलं नाही, हे माझं म्हणणं आहे.

आयटीआय झालेल्या पोराला कंपनीत अप्रेंटिस म्हणून घेतात, स्टायपेंड देतात, १९६१ पासून त्याचा कायदा आहे. मग बॅज काढलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या पोराला अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारी एक वर्ष स्टायपेंडवर का बसवता येऊ नये? निम्मा मालकाने द्यावा, निम्मा सरकारने. वर्षभरात त्याला भरलेली गाडी, घाट, पाऊस, रात्र, न्हावा शेवा बंदरावरची लाईन, भिवंडीच्या गोडाऊनची गल्ली सगळं बघायला मिळेल आणि शेवटी त्या ड्रायव्हरच्या सहीचं अनुभवाचं सर्टिफिकेट. शिकवणाऱ्या ड्रायव्हरला पण त्याचे वेगळे पैसे पाहिजेत, नाहीतर तो पोराला नुसता चहा आणायला पाठवेल. पुण्याजवळ भोसरीच्या सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या संस्थेत ट्रेनिंगची सोय आहे, पण तिथे किती पोरं पोचणार, प्रत्येक जिल्ह्यात काहीतरी पाहिजे. आणि आरटीओची हेवीची टेस्ट भरलेल्या गाडीवर, चढ-उतारावर घ्या, रिकाम्या गाडीवर काय कळतं.

पोरांना अजून दोन-तीन गोष्टी सांगायच्यात. ओरिजिनल लायसन मालकाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. पगार आणि भत्ता वेगवेगळा ठरवून घ्या, आणि ऑनलाइन चलन आलं तर कोणी भरायचं ते पहिल्या दिवशीच बोला, नंतर पगारातून कापतात आणि भांडणं होतात. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा पण १९६१ चाच होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली, त्या जुन्या कायद्यात दिवसाला आठ तास लिहिले होते, प्रत्यक्षात बारा-चौदा तास स्टिअरिंगवर जातात, ई-वे बिलला (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो तरी माल मागवणाऱ्या पार्टीचा फोन चालूच असतो की कुठे पोचला. डोळा लागतोय असं वाटलं तर फोन बाजूला ठेवून झोपा. टँकरवर जायचं असेल तर घातक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून लायसनवर नोंद करून घ्या, मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे डेपो आहेत, तिकडे त्याशिवाय उभं करत नाहीत. आणि अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोचवणं हे आपलं काम आहे, जमाव मारायला उठला असेल तर सरळ जवळचं पोलीस स्टेशन गाठा, ११२ लावा, कायद्यातसुद्धा जमावाचा विचार केलेला आहे. गाडी टाकून गावाला पळून जाऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षं शिक्षेच्या कलमावरून आम्ही संप केला, ते कलम सध्या थांबवलंय, पण पळून जाणं तेव्हाही बरोबर नव्हतं आणि आताही नाही.

काही गोष्टी सुधारतायत हे पण सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला केबिनमध्ये एसी कंपल्सरी झालाय. मे महिन्यात विदर्भात दुपारी इंजिनाच्या शेजारी बसून ज्याने गाडी चालवलीय त्यालाच ह्याची किंमत कळेल. पण हायवेला गाडी लावायला सुरक्षित जागा आणि साधा संडास-बाथरूम अजून मिळत नाही, रात्री झोपलं की सकाळी डिझेलच्या टाकीचं झाकण फोडलेलं. आणि घरी लग्नाचं बघायला लागलं की ड्रायव्हर म्हटल्यावर पाहुणे चहा पिऊन निघून जातात, हे बावीस वर्षांच्या पोराला किती लागतं ते मी जवळून बघितलंय. अशाने कोण येणार ह्या लाईनला?

आपला पेपर दरवर्षी निकालानंतर करिअरची पुरवणी काढतो, इंजिनिअरिंग, मेडिकल, स्पर्धा परीक्षा सगळं असतं. त्यात एक पान ह्या कामाला द्या. लायसन कसं काढायचं, सुरुवात कुठून करायची, पगार काय मिळतो, हक्क काय आहेत, आणि आमच्यासारख्या दोन-चार जुन्या ड्रायव्हरांशी बोलून ते छापा. आणि अप्रेंटिसचं जे वर लिहिलंय ते परिवहन मंत्र्यांना आणि मालकांच्या संघटनेला आपल्या वार्ताहरांनी एकदा समोर बसून विचारावं, त्यांचं उत्तर काय येतं ते पण छापावं, एवढी विनंती.

आपला,
एक ट्रकमालक-ड्रायव्हर,
ता. कराड, जि. सातारा