बंकर कमी, उतार जास्त

महोदय,

खारघरच्या डोंगरपायथ्याशी ११ होलांनिशी सुरू झालेले गोल्फ मैदान सिडकोने १८ होलांचे करायला घेतले. सार्वजनिक मैदान म्हणून त्याचे स्वागतच आहे. मात्र मैदानाचा दर्जा बंकरांच्या (अडथळा म्हणून केलेल्या वाळूच्या खड्ड्यांच्या) संख्येवर मोजायची आपल्याकडची सवय कोकणच्या पावसात महागात पडते.

बंकरच्या तळाला १० ते १५ सेंटिमीटर वाळू लागते, कडेच्या उतारावर ५ ते ७. हा उतार उभा असला की पहिल्याच मोठ्या सरीत वाळू तळाशी घसरते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. त्याची माती वाळूत मिसळते, तळाखालच्या निचऱ्याच्या सच्छिद्र पाइपाभोवती जाऊन बसते. निचरा तुंबतो, बंकरचे डबके होते. मग माणसे लावून फावड्याने वाळू वर चढवायची, पुढच्या सरीला पुन्हा तेच. मातकट झालेली वाळू शेवटी बदलावीच लागते.

बरे, हा खर्च कोणासाठी? टीपासून (होलाचा पहिला फटका मारायच्या जागेपासून) दीडशे मीटरवरचा बंकर नवख्यालाच अडवतो. सव्वादोनशे मीटर मारणारा त्यावरून सहज निघून जातो. नवखा वाळूत तीन-चार फटके घालवतो, वर वाळू सारखी करायला दाताळे फिरवतो (फिरवलेच तर!) आणि मागे दहा-दहा मिनिटांनी सुटलेल्या चौघाचौघांच्या गटांची रांग लागते.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे मेमोरियल पार्क हे १९३६ सालचे नगरपालिकेचे मैदान. गोल्फ मैदानांचे रचनाकार टॉम डोक यांनी २०१९ मध्ये त्याची फेररचना केली तेव्हा बंकर जेमतेम वीसेक ठेवले. कस लावला तो ग्रीनभोवतीच्या (होल असलेल्या आखूड गवताच्या भागाभोवतीच्या) बारीक कापलेल्या उतारांनी. चुकलेला चेंडू घरंगळत दूर जातो. तिथून नवखा पटरनेही (चेंडू जमिनीवरून ढकलायच्या काठीनेही) खेळू शकतो, मुरलेल्याला मात्र नेमका फटका निवडताना घाम फुटतो. २०२० पासून पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेची ह्यूस्टन ओपन स्पर्धा तिथेच होते, म्हणजे कस कमी पडलेला नाही.

खारघरला उतार आयता आहे. ग्रीनचे तोंड समोरून मोकळे ठेवावे, म्हणजे चेंडू जमिनीवरूनही पोचतो. होल पाडायच्या जागी उतार तीन टक्क्यांच्या आतच हवा. त्याहून जास्त झाला की पटरने मारलेला चुकलेला चेंडू थांबतच नाही. बर्म्युडा गवताला सहा-आठ तास ऊन लागते, तेव्हा ग्रीनच्या पूर्वेला आणि दक्षिणेला दाट झाडे लावण्याचा मोह आवरावा. सावलीतले ग्रीन पावसाळ्यात शेवाळतात.

जे बंकर ठेवायचेच, त्यांच्या कडांवर गवत आणि वाळू फक्त सपाट तळात असावी. डोंगराकडच्या बाजूने उथळ चर काढून वरचे पाणी बंकरबाहेर वळवावे. पाइपाला किमान एक टक्का उतार द्यावा. पाइपांची तोंडे गवताखाली हरवतात. ती नकाशावर नोंदवून दरवर्षी मे महिन्यात पाणी सोडून तपासावीत.

— एक वाचक, पनवेल