गुरे सोडण्याआधी लस टोचा

भातकापणी झाली की आमच्याकडे गुरे मोकळी सुटतात. मळा कोणाचा, सडा (कातळाचे उघडे माळरान) कोणाचा, तेव्हा कोणी विचारत नाही. सातबारावर ढीगभर नावे आणि त्यातली निम्मी मुंबईत! ही रीत मोडा असे मी म्हणणार नाही. पण २०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगामुळे जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली, तेव्हाही सड्यावर चार वाड्यांची गुरे एकाच पाणवठ्यावर येत होती. हा रोग माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. त्यांना तपासणी नाका कुठला? जनावरांच्या साथरोगांवरील २००९ च्या कायद्याप्रमाणे आजारी जनावर वेगळे बांधणे आणि ग्रामपंचायतीला कळवणे हे मालकाचे काम. मग ज्यांना मालकच उरला नाही अशा उनाड गुरांचे काय? ती आजारी पडली तर त्यांना वेगळे ठेवणे हे त्याच कायद्याने ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचे काम; ते तिने करायला हवे.

गुरे सोडण्याची तारीख ग्रामसभेतच ठरावी आणि लसीकरण त्याआधी निदान तीन आठवडे उरकावे, कारण लसीचा गुण यायला तेवढा वेळ लागतो. घाटावरून आणलेली बैलजोडीही तितके दिवस गोठ्यातच राहू द्यावी. पशुसंवर्धन विभागाने पथक गणपती आटोपताच पाठवावे. आंब्याला मोहोर आल्यावर येऊन उपयोग नाही.

– एक शेतकरी, राजापूर (जि. रत्नागिरी)