मॅडम, तुम्ही माझा हात राजाच्या जबड्यावर ठेवलात

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सर्जा बैलाचं चित्र काल मामांच्या घरी पोचलं. मामांनी टोपी काढली, "आलास व्हय रं," म्हणाले आणि चित्रातल्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवला, बैलाला खाजवतात तसा. घरातलं कुणी काही बोललं नाही. मला तिथे उभं राहवेना. परत येताना एसटीत सगळा वेळ तुमचीच आठवण येत होती. फोन करून नुसतं "थँक्यू" म्हणणं फार कमी वाटलं, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला संकोच होईल. आपल्या भागातल्या लोकांना ते न सांगता कळेल.

मी ॲक्रिलिक रंगांत जनावरांची चित्रं काढून पोट भरते. कुत्री, मांजरं, शर्यतीचे बैल, खरसुंडीच्या बाजारातून आणलेली एखादी खोंडाची जोडी. २०२२ च्या पावसाळ्यात लंपी ही गाईबैलांची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या आणि कितीतरी दावणी ओस पडल्या. माझ्याकडे येणारी कामंही तेव्हापासून बदलली. आधी लोक जिंकलेल्या बैलाचं चित्र सांगायचे, मग गेलेल्या बैलाचं सांगू लागले. सर्जा त्यातलाच. बेंदराला, बैलांच्या सणाला, जोडीतल्या मागे उरलेल्या एकट्या राजाची पूजा करताना मामांना दरवर्षी गलबलून येतं, म्हणून त्यांच्या लेकीनं हे काम माझ्याकडे दिलं.

हाताशी होता एकच फोटो, नातवानं मोबाइल अगदी सर्जाच्या तोंडाशी धरून काढलेला. इतक्या जवळून काढलं की नाकाड फुगतं, कपाळ मागे सरकतं, कान बारके दिसतात. त्यात वर भर दुपारचं ऊन. पांढऱ्याशुभ्र खिलाराचं सगळं अंग मोबाइलनं एकसारखं पांढरं करून टाकलेलं, ना हाड दिसत होतं ना शीर. डोळ्याच्या जागी नुसता काळा ठिपका. अशा फोटोवरून हुबेहूब उतरवलेलं चित्र हुबेहूब चुकीचंच होणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला चांगला वळू किंवा बैल जवळून बघायला हवा होता. हात लावायला हवा होता.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुणाकुणाकडे गेले, तेही सांगते. एका मोठ्या गोठ्याच्या मालकानं फाटकातूनच परत पाठवलं. एका दवाखान्यात "आजारी जनावरांना वेळ पुरत नाही, तुमच्या चित्राचं काय घेऊन बसलात" असं ऐकून घेतलं. त्यांचं एक वेळ समजू शकते. पण एका कलासंस्थेतल्या ज्येष्ठांचं बोलणं अजून विसरता येत नाही. त्यांनी माझी चित्रं चाळली आणि "हे कॅलेंडरचं काम आहे, फोटोवरून उतरवायला काय लागतं?" म्हणून बाजूला सारली. पशुपक्षी रंगवणाऱ्या मन्सूरला जहांगीर बादशहानं 'नादिर-उल-अस्र', म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब दिला होता, हे त्यांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही. ठाऊक असून हिणवलं, म्हणून जास्त लागलं.

त्या दिवशी मामा राजाला तुमच्याकडे खुराची जखम दाखवायला आणणार होते, म्हणून मीही आले. दवाखान्यासमोर शेळ्यांची रांग, एक तापलेली म्हैस, कोपऱ्यात वासरू. राजा खोड्यात, जनावर हलू नये म्हणून धरून ठेवणाऱ्या चौकटीत, उभा. तुम्ही खूर साफ केला, औषध भरलं, पट्टी बांधली, साबणानं हात धुतले आणि वही घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून विचारलंत, "काय हवंय तुम्हाला?" मी मोबाइल पुढे केला. तुम्ही एकदाच बघितलंत आणि म्हणालात, "हा सर्जा ना? उजव्या शिंगाला बुडाशी खाच होती याच्या."

मॅडम, सरकारी नोंदीत सर्जा म्हणजे कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर. त्या पावसाळ्यात गावोगाव हिंडून लंपीसाठी शेळ्यांच्या देवी रोगाची लस गाईबैलांना टोचताना तुमच्या हाताखालून किती जनावरं गेली असतील. त्यातला एक बैल, जो तुम्हाला वाचवता आला नव्हता, त्याच्या शिंगाची खाच तुमच्या लक्षात होती.

मग तुम्ही माझं मनगट धरलंत आणि माझी बोटं राजाच्या खालच्या जबड्याच्या कडेला टेकवलीत. "दाबू नका. नुसती ठेवा." थोडा वेळ काहीच कळेना. मग कातडीखालून शीर उडताना लागली, संथ, जड, एकेक ठोका. तुम्ही माझा हात तसाच धरून वर नेलात. "इथं हाड आहे, वर मांस नाही. इथं गालाचा स्नायू, रवंथ करताना बघा कसा फुगतो. डोळ्याच्या वर ही कड, आणि तिच्या मागे हा खळगा." राजा चघळत होता, जबडा आडवा सरकत होता, आणि प्रत्येक वेळी तो खळगा भरत होता, रिकामा होत होता. नाकावरची ओल, तिच्यातल्या रेघा तुम्ही दाखवल्यात आणि सांगितलंत की या रेघा प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. शेवटी म्हणालात, "बसा याच्याजवळ. मी शेळ्या बघते." आणि परिचरांना माझ्यासाठी स्टूल आणायला सांगितलंत.

एवढंच. पण एवढं कुणी केलं नव्हतं. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टब्ज नावाचा चित्रकार होऊन गेला, त्यानं मेलेल्या घोड्यांची चिरफाड करत एकेक थर रेखाटला आणि १७६६ साली ती चित्रं छापली. शिकताना त्याचं नाव ऐकलं तेव्हा वाटायचं, आपल्याला असं काही कुठलं मिळायला. मला ते तुमच्यामुळे जिवंत बैलाच्या अंगावर मिळालं.

पांढरा बैल रंगवणं सगळ्यांत अवघड. टायटॅनियम व्हाइट थापलं की खडूचा बैल होतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळून राखाडी करायचा, त्यात कुठे पिवळसर झाक, आणि निव्वळ पांढरा अगदी शेवटी, शिंगाच्या बुडाशी नि पाठीच्या कण्यावर. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. प्रत्येक छटा आधी कागदाच्या पट्टीवर वाळवून बघावी लागते. आटपाडीच्या उन्हाळ्यात तर ताटलीतला रंग बघता बघता कातडं धरतो, म्हणून स्टीलच्या ताटात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. हे सगळं मला आधीही येत होतं. कुठली छटा कुठे थांबवायची, ते मात्र तुमच्या दवाखान्यातून आल्यावर हाताला कळलं. जबड्याची कड रंगवताना बोटांना तो ठोका आठवत होता. तिथे मी तांबूस बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ, पाण्यासारखा थर दिला. आडव्या बाहुलीचा डोळा दुसऱ्या दिवशी उघडला.

स्वतःचा काही फायदा नसताना, रांग लागलेली असताना, समोरच्याचं काम हे काम आहे असं मानून जागा करून देणारी माणसं फार नाहीत. जी आहेत ती बहुतेक तालुक्याच्या गावात, पत्र्याच्या शेडखाली उभी राहून राबतात आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पुरस्कारांच्या याद्या निघतात त्यात ती नसतात. मला याची चीड येते.

आता एक विनंती. पुढचं काम पंढरपुरी म्हशीचं आहे. तलवारीसारखी लांब शिंगं, आणि काळा रंग असा की ट्यूबमधल्या काळ्यानं तो येणार नाही. खोडा कोणत्या वारी जरा मोकळा असतो, ते कळवा. राजाजवळ बसून केलेली जबड्याची आणि डोळ्याची स्केचेस रंगवून पूर्ण केली आहेत, ती दवाखान्यासाठी फ्रेम करायला टाकलीत. येताना घेऊन येते. भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी जागा आहे का, तेवढं परिचरांना बघून ठेवायला सांगा.

आपली कृतज्ञ,
सर्जाचं चित्र काढणारी