पाणीकपातीचे नियम धरणे भरलेली असतानाच ठरवा

प्रति,
मा. पालकमंत्री, पुणे जिल्हा

महोदय,

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. याच साखळीवर पुणे शहर बहुतांशी अवलंबून आहे आणि कालव्याखालची हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही. साठा खालावला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, पुढे ढकलले जाते आणि शहरात कपात जाहीर होते. टंचाईत पाण्याचा वापर आवरण्याचा अधिकार शासनाकडे असलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तो कोणत्या पातळीला, कोणी आणि कोणत्या क्रमाने वापरायचा, हे संकट येण्याआधी लेखी जाहीर झाले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

कागदावर सर्वांना सारखी असलेली कपात नळाला सारखी नसते. दिवसाआड पाणी सुरू झाले, की ज्या सोसायटीच्या तळाशी मोठी टाकी आहे तिथल्या रहिवाशांना फारसा फरक जाणवत नाही. वस्तीत दोन पिंपे आणि चार हंडे एवढीच साठवण असलेल्या घरातले पाणी मात्र त्याच संध्याकाळी संपते. मी धायरीच्या बाजूला राहतो. मागील एका कपातीत आमच्या गल्लीची वेळ पहाटेची झाली, पण ती आम्हाला कळवलीच गेली नाही. शेजारच्या वृद्ध बाई तीन रात्री नळाजवळ बसून होत्या. म्हणून कपात सरसकट टक्क्यांत न करता माणशी वापरावर व्हावी: शहरी पुरवठ्याचे माणशी १३५ लिटरचे मान जिथे ओलांडले जाते, तिथून ती सुरू व्हावी. पोहण्याचे तलाव, गाड्या धुण्याची केंद्रे आणि बांधकामे यांचे पिण्यायोग्य पाणी घरगुती नळाला हात लावण्यापूर्वी बंद व्हावे. बांधकामाला प्रक्रिया केलेले सांडपाणी चालते.

कायद्याची उणीव नाही. सार्वजनिक पेयजल स्रोताच्या रक्षणासाठी टंचाईक्षेत्रात विहिरींच्या उपशावर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेच जिल्हाधिकाऱ्यांना दिला होता. टंचाई आपत्तीच्या थराला गेली, तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ नुसार वाहने व साधनसामग्री ताब्यात घेता येते आणि कलम ६६ नुसार त्यांचा मोबदला द्यावा लागतो. तरीही टँकरचा दर कपातीच्या पहिल्याच आठवड्यात चढतो आणि सामान्य माणूस तो निमूटपणे मोजतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाणी बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुइलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्याच्या शुद्धतेची धास्ती आम्ही घरोघरी अनुभवली आहे. त्यामुळे कपातीच्या काळात क्लोरीनची तपासणी थेट नळावर आणि टँकरवर व्हावी आणि तिचे निकाल त्याच दिवशी प्रभागात लावले जावेत.

पावसाळा संपल्यावर रब्बीच्या आवर्तनासाठी समिती बसेल. त्या बैठकीत कोणत्या तारखेला किती साठा उरला असता कोणती पायरी लागू होईल, याचा तक्ता शहरासाठी आणि कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यांसाठी एकत्र मांडून मंजूर करावा, ही विनंती.

कळावे,
धायरी परिसरातील एक रहिवासी