दारात उभं राहून विचारू नका : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

खालच्या मजल्यावरून रात्री किंकाळी ऐकू आली, म्हणून मी ११२ लावला. पोलीस आले, आणि लवकर आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दार नवऱ्याने उघडलं. "घरगुती आहे साहेब, मिटलं आता." हवालदाराने उंबऱ्यावरूनच, नवऱ्याच्या खांद्यापलीकडे बघत विचारलं, "ताई, तक्रार द्यायचीय का?" तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "नाही." तिची सही घेऊन गाडी गेली. पुढे सकाळपर्यंत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. इथे लिहीत नाही.

महोदय, मारणाऱ्यासमोर विचारलेल्या प्रश्नाचं दुसरं काय उत्तर येणार होतं?

चार दिवसांनी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार वाईट माणूस नव्हता, त्याने पाणीसुद्धा दिलं. पण लिहून घेतली ती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिला वाटलं, आता पोलीस बघतील. अदखलपात्र म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपासच नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. काल मारलेली एक थप्पड तेवढी लिहिली की एनसी होते. आठ वर्षांचा मार सलग विचारून लिहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ चा, म्हणजे नवऱ्याने केलेल्या क्रूरतेचा, दखलपात्र गुन्हा दिसू लागतो. त्या टेबलावर कोण किती प्रश्न विचारतो, यावर सगळं ठरतं.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ५ आहे. नवऱ्याला रोखणारा न्यायालयाचा संरक्षण आदेश मागता येतो, या कायद्याखाली मदतीसाठी नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, वकील मोफत मिळतो, हे तिला सांगणं पोलिसांचं कर्तव्य आहे. २००६ च्या नियमांतला नियम ९ तर अशा रात्रींसाठीच आहे : संरक्षण अधिकाऱ्याला खात्रीलायक फोन आला, तर त्याने पोलिसांना सोबत घेऊन जागेवर जायचं, घटनेचा अहवाल लिहायचा आणि तो विनाविलंब दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. फोन शेजाऱ्याचा असला तरी चालतो. पण माझा फोन ११२ वर गेला आणि तिथेच संपला. संरक्षण अधिकारी तुमच्या खात्याचे नाहीत, ठाऊक आहे. ११२ ची गाडी मात्र तुमची आहे.

म्हणून एवढा लेखी आदेश काढा : बाईला वेगळं घेऊन विचारायचं, नवऱ्यादेखत "तक्रार नाही"वर सही घ्यायची नाही, आणि अशा प्रत्येक फोनची खबर त्याच रात्री संरक्षण अधिकाऱ्याला द्यायची. खोट्या तक्रारींचं कारण लगेच पुढे येईल. पण अहवाल लिहिणं म्हणजे अटक नव्हे.

ती आता माहेरी आहे. तिची औषधं, बँकेचं पुस्तक आणि मुलाचा शाळेचा दाखला त्याच घरात राहिलेत. ते आणायला पोलीस सोबत येतील का, हे विचारायला आम्ही सोमवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहोत.

आपली,
वरच्या मजल्यावरची शेजारीण